सातव्या ताऱ्याची टाचणी

मुलांनो, जरा मनातल्या मनात एका लग्नघरच्या स्वयंपाकघरात चला. मधोमध एक अवाढव्य परात आहे आणि तिच्यात एकाच वेळी, एकाच पाण्यात, मीठही एकदाच घालून मळलेली कणीक आहे. तिच्या लाखभर पोळ्या झाल्या असं समजा. समजायला काय जातंय? तुम्ही पहिली पोळी खाल्लीत, छान लागली. दुसरीही तशीच. तिसरीचा घास घेतलात आणि तोंड वाकडं झालं. खारट! चौथी पुन्हा पहिल्यासारखी, पाचवी पुन्हा खारट. कणीक एक, परात एक, मळणारे हात तेच. मग मोजक्याच पोळ्यांत हे जास्तीचं मीठ आलं कुठून?

थांबा, उत्तराची घाई करू नका. त्याच्या आधी एक प्रश्न आहे आणि तो जास्त टोचतो. पोळी खरंच खारट होती, की तुमच्याच बोटांना लोणचं लागलेलं होतं?

हा दुसरा प्रश्न बडोद्यात एका मुलीला भर गर्दीत विचारला गेला, आणि उत्तरासाठी तिला मिळाली फक्त पन्नास मिनिटं.

शलाका तिचं नाव. आठवीत होती, राहायला सुभानपुऱ्यात. उत्तरायण होऊन दहा दिवस झाले होते. कारेलीबागेतल्या तिच्या शाळेच्या कडुनिंबात अजून फाटके पतंग लोंबत होते. सभागृहात विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. शलाका आणि तिचा वर्गमित्र निहार यांच्या टेबलामागे एक मोठा पांढरा पुठ्ठा उभा होता. त्यावर बारा टाचण्या टोचलेल्या. खालच्या बाजूला सात निळ्या, वर पाच लाल. एक टाचणी म्हणजे एक तारा.

परीक्षक म्हणून आलेल्या मोहना मॅडम विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवायच्या. टेबलापाशी येऊन त्यांनी दोघांची नावं वाचली.

"मराठी ना दोघं? मग मराठीतच सांगा. पाठ केलेलं नको."

शलाकानं हातातला लिहिलेला कागद पालथा ठेवला. मग तिनं मॅडमनाच प्रश्न केला, "वरण उतू गेलं की शेगडीची निळी ज्योत पिवळी होते, ते बघितलंय तुम्ही?"

"रोज. मला वरण लावून फोनवर बोलायची सवय आहे."

"तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. प्रत्येक मूलद्रव्याचे आपापले ठरलेले रंग असतात. ताऱ्याच्या बाहेरच्या थरात सोडियम असलं, तर ते आपले तेवढे रंग गिळतं. ताऱ्याचा प्रकाश पट्टीसारखा पसरवला, की त्या ठिकाणी काळी रेघ दिसते. आलेख काढला तर तिथे खड्डा पडतो. हे बारा तारे सारख्याच रंगाचे आणि तेजाचे आहेत, म्हणून यांच्यात सोडियम जास्त असेल तर खड्डा खोल."

पुढचं निहारनं उचललं. "आणि हे सगळे एम-फोर नावाच्या तारकागुच्छातले. वृश्चिकेतली ज्येष्ठा माहितीये ना, अगदी तिच्या शेजारी. चेंडूसारखा गोल, लाखभर ताऱ्यांचा. बारा अब्ज वर्षांपूर्वी एकाच ढगातून जन्मलेले. आम्ही घेतलेले तारे आता म्हातारे झालेत, फुगलेत, लाल पडलेत. तांबडे राक्षसी तारे म्हणतात त्यांना."

"लोखंड सगळ्यांत सारखंच आहे," शलाका घाईनं म्हणाली. आता तिला धीर निघत नव्हता. "पण सोडियम बघा ना. खड्डा जेवढा खोल, तेवढी टाचणी वर. या लाल टाचण्यांच्या पाच ताऱ्यांत तो जवळजवळ दुप्पट खोल! एकाच परातीतली कणीक असून. शास्त्रज्ञांनाही असे तारे सापडलेत. त्यांना दिसलंय की सोडियम जास्त, तिथे ऑक्सिजन कमी. आधी जन्मलेल्या मोठ्या ताऱ्यांनी पोटात शिजवलेलं बाहेर टाकलं आणि ते नंतरच्यांच्या कणकेत मिसळलं असेल, असं त्यांना वाटतं. नक्की कसं, ते अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही."

"छान. हे मोजलं कसं तुम्ही?"

"वर्णपट इंटरनेटवर सगळ्यांना खुले आहेत. आम्ही ते मोठे करून छापले. सोडियमचा खड्डा किती मिलिमीटर आणि शेजारचा लोखंडाचा किती, ते पट्टीनं मोजलं. सहा तारे मी, सहा यानं."

मॅडमनी मोजमापांचा तक्ता उचलला. प्रत्येक आकड्यापुढे मोजणाऱ्याचं पहिलं अक्षर होतं. त्यांचं बोट तक्त्यावरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. पुन्हा वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"पाचही लाल टाचण्यांचे तारे 'श'नं मोजलेत," त्या म्हणाल्या. "'नि'चे सहाच्या सहा निळे. मग पोळी खारट आहे, की मोजणाऱ्याच्या बोटांना लोणचं?"

दोघंही तक्त्यावर वाकली. शेजारच्या टेबलावरचा कागदी ज्वालामुखी तेवढा फसफसत होता.

"मी तुम्हाला खोटं पाडत नाहीये," मॅडम तक्ता खाली ठेवत म्हणाल्या. "पण हा प्रश्न सुटल्याशिवाय तुमच्या लाल टाचण्यांना काही अर्थ नाही. साडेअकराला पुन्हा येते."

भिंतीवरच्या घड्याळात दहा चाळीस झाले होते.

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय घाबरायचं त्यात? घाबरण्यासारखं होतं, कारण शलाकाच्या मागे गेल्या वर्षीचा एक आकडा लागलेला होता.

सातवीत असताना तिनं महिनाभर शाळेतल्या हवेतली आर्द्रता रोज मोजून तक्ता केला होता. एकच दिवस राहिला. त्या दिवशी ती मावसबहिणीच्या लग्नाला वासण्याला गेली होती. आदल्या दिवशी साठ, दुसऱ्या दिवशी चौसष्ट. तिनं मधल्या रिकाम्या चौकोनात बासष्ट लिहून टाकलं. विज्ञान शिकवणाऱ्या वसुंधराबेननी प्रदर्शनाच्या दिवशी तो तक्ता पाहिला आणि नेमकं त्या चौकोनावर बोट ठेवलं. त्या तारखेला शाळेचं आर्द्रता मोजायचं यंत्रच दुरुस्तीला गेलेलं होतं! बेननी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाल्या, "एक आकडा मनचा निघाला, की बाकीच्या एकोणतीस आकड्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" तक्ता भिंतीवरून उतरला. वर्गातल्या पोरांनी मात्र तो आकडा उचलून धरला. वर्षभर मधल्या सुट्टीत हाका यायच्या, "ए बासष्ट! डबा आणलास का बासष्ट?"

निहारनं तिला ती हाक कधी मारली नव्हती. म्हणून तर ती त्याच्याबरोबर काम करायला तयार झाली होती.

"तक्त्यातली ती अक्षरंच खोडून टाकू ने," निहार पुटपुटला. "'मोजणारे: दोघं' असं वर लिहू. अर्धं खोटं पण नाही ते."

"त्यांनी बघितलंय रे सगळं."

"मग तूच सांग काय करायचं! माझे सहा बरोबर आहेत. मी प्रत्येक दोन-दोनदा मोजला. तू काय केलंस मला काय माहीत?"

"म्हणजे? मी मनाचे आकडे लिहिले?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"मग काय म्हणायचंय तुला?"

निहारचे कान लाल झाले. "गेल्या वर्षी नव्हते लिहिले? बासष्ट!"

शब्द तोंडातून निघाला आणि त्यालाच चटका बसला. शलाका पुठ्ठ्याकडे पाहत राहिली. पाच लाल टाचण्या. त्यांतली एकही तिनं मनानं टोचली नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तिला ठाऊक असून उपयोग काय? आणि एक विचार तर फारच वाईट होता. आपल्याला फरक सापडायला हवाच होता. मग पट्टी धरताना आपलाच हात नकळत थोडा खाली सरकत असला तर?

पाणी प्यायला तिनं बाटली उघडली आणि झाकणावर चिकटवलेल्या पट्टीकडे तिचं लक्ष गेलं. पट्टीवर तिचं नाव होतं, आबांच्या टपोऱ्या अक्षरात. आबा म्हणजे तिचे आजोबा, दत्ताजीराव. तीस वर्षं रिफायनरीच्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासण्यात गेलेली, त्यामुळे घरात लोणच्याच्या बरणीवरसुद्धा नाव आणि तारीख असायची. आणि ज्या बाटलीवर नाव नाही, तिची गोष्ट आबा फार रंगवून सांगायचे.

"आमच्याकडे कधीमधी एक मुका नमुना यायचा. बाटलीवर ना टाकीचं नाव, ना तारीख. आदल्या पाळीतल्या माणसानं तपासलेलंच तेल, पण आपल्याला माहीत नसायचं. आपला आकडा त्याच्या आकड्याशी जुळला, तर यंत्र ठीक आणि माणूसही ठीक. नाही जुळला, तर कुणाचं काय बिघडलं ते शोधा. पोरी, नाव दिसलं की डोळे आधीच उत्तर देऊन बसतात. नाव झाकलं की मग ते बघायला लागतात."

"निहार," ती म्हणाली, "फळ्यावर लावायला आणलेला वर्णपटांचा दुसरा संच आहे ना, खुणा न केलेला? बाराही कागद?"

"पिशवीत आहे. का?"

"नाव झाकून मोजायचे. तूही बारा, मीही बारा. एकमेकांचं न बघता."

"तुझे सहा तू ओळखशील."

"कदाचित ओळखेन. पण तू माझे सहा बघितलेलेच नाहीस. तुझा आकडा तर खरा येईल?"

निहारनं क्षणभर विचार केला. "पण कागद झाकून पिसणार कोण? आपण पिसले तर कोण विश्वास ठेवेल?"

उत्तर शलाकाला माहीत होतं, आणि तेच तिला नको होतं.

वसुंधराबेन दाराशी पाहुण्यांच्या हारांची मोजदाद करत होत्या.

"बेन, तुमची मदत हवी आहे."

"कसली? आकडे भरायला?" मान वर न करताच त्या म्हणाल्या. मुद्दाम लावून बोलल्या नसतीलही, पण लागायचं ते लागलं.

"नाही. झाकायला."

बेननी हार खाली ठेवले. शलाकानं धडपडत, मागचं पुढे आणि पुढचं मागे करत सगळं सांगितलं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशा बेन तिच्याकडे बघत होत्या. मग कागद घेऊन त्या शेजारच्या रिकाम्या वर्गात गेल्या. बाराही कागदांचे ताऱ्याचा क्रमांक असलेले कोपरे दुमडून त्यांनी स्टेपलरनं टाचले, कागद खूप वेळ पिसले आणि प्रत्येकावर क, ख, ग असं एकेक अक्षर घातलं. कुठलं अक्षर म्हणजे कुठला तारा, हे एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पाकिटात घातली.

"दोघं दोन टोकांना बसा. पेन्सिल कागदाला लागता कामा नये," त्या म्हणाल्या. "अकरा वाजलेत."

वर्गात पट्ट्या सरकल्याचा तेवढा आवाज. शलाकाची पट्टी दोनदा निसटली. क: लोखंड एकवीस, सोडियम दहा. ख: लोखंड वीस, सोडियम एकोणीस. हा आपला पाचवा तर नाही? तिनं तो विचार झटकला आणि पुन्हा मोजलं. एकोणीसच. ग: दहा. घ: अकरा. च हातात घेतला तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती. निहार खोलीच्या दुसऱ्या टोकाला जीभ दातांत धरून वाकला होता. झालेला कागद मधल्या बाकावर पालथा ठेवायचा, तिथून दुसऱ्यानं उचलायचा. एकमेकांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

अकरा बावीसला दोघांनी आपापल्या याद्या बेनच्या हातात दिल्या. बेननी त्या शेजारी शेजारी धरल्या. चष्मा वर केला, खाली केला. एका मिलिमीटरपेक्षा जास्त फरक कुठेच नव्हता.

"दोघांचे हात सारखे आहेत," त्या हळूच म्हणाल्या. "आणि चार कागद वेगळे निघालेत. दोघांच्याही यादीत तेच चार."

"हुश्श!" निहार बाकावर कोसळला. "बघ, म्हणजे फरक ताऱ्यांतच आहे. सांगू का काय झालं? वाटणी करताना तू गच्चीवर पतंग निवडतेस तसे कागद निवडलेस. ज्याची रेघ ठसठशीत तो तुझा, उरलेले माझे! म्हणून सगळे लाल तुझ्याकडे."

शलाकाला ते आठवलं. अगदी तसंच झालं होतं. पण तिचं मन दुसऱ्याच शब्दावर अडकलं होतं. चार?

तेवढ्यात बाहेर पाहुण्यांची गाडी आली आणि बेनना बोलावणं आलं. त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, शलाकाकडे पाहिलं. क्षणभर पाकीट त्यांच्या हातातच राहिलं. मग त्यांनी ते तिच्यापुढे धरलं.

"तूच उघड," म्हणाल्या आणि गेल्या.

ख म्हणजे पाचवा तारा. छ म्हणजे दुसरा. ट अकरावा, ड आठवा. हे चारही लाल, तिनं आधी मोजले होते तसेच. आणि क म्हणजे सातवा. सातव्याचं सोडियम शलाकाच्या यादीत दहा, निहारच्याही यादीत दहा.

पुठ्ठ्यावर सातवी टाचणी अठरावर होती. लाल.

तिनं धावत टेबलाशी येऊन सातव्याचा जुना कागद ओढून काढला. पेन्सिलीची खूण तिच्याच हातची होती, आणि ती सोडियमच्या खड्ड्यावर नव्हतीच. त्याला खेटून असलेला कॅल्शियमचा खड्डा तिनं मोजला होता. तेरा जानेवारीची दुपार तिला लख्ख आठवली. शेवटचा कागद, गच्चीवरून भावंडांच्या हाका, आणि अठरा आकडा येताच झालेला आनंद. त्या आनंदात तिनं पुन्हा पाहिलंच नव्हतं.

"एक चुकलाय," ती म्हणाली. "माझा."

निहारनं दोन्ही कागद पाहिले. मग घड्याळ पाहिलं. अकरा सत्तावीस. "हे बघ, चार तर पक्के आहेत ना? मुद्दा तोच आहे. सातव्याचं आपण असं करू, पहिल्यांदा अठरा, आता दहा. सरासरी काढू. चौदा. टाचणी मधे जाईल, कोण विचारतंय? शास्त्रात सरासरी काढतातच की."

"चौदा कुणी मोजलेत?"

"कुणीच नाही, पण..."

"बासष्ट पण कुणीच मोजलं नव्हतं. साठ आणि चौसष्टच्या मधे होतं म्हणून लिहिलं होतं मी."

निहारचा चेहरा उतरला. "मघाशी मी ते बोलायला नको होतं, शलाका. खरंच. पण आता तू हे सांगितलंस ना, तर काय होईल माहितीये? परत सगळी पोरं तेच म्हणणार. बाकीचे अकरा बरोबर असले तरी."

तो चूक बोलत नव्हता. तिच्या कानात आत्ताच हाका यायला लागल्या होत्या. पाकीट तिच्या हातात होतं, बेन पाहुण्यांपाशी होत्या. सातवी टाचणी होती तिथेच राहिली असती, तर या सभागृहात दोघांशिवाय कुणालाही ते कळलं नसतं.

"काय मग?" मोहना मॅडम रांग संपवून समोर उभ्या होत्या. त्यांच्या मागे, पाहुण्यांना घेऊन, वसुंधराबेनही येत होत्या. आणि पाहुण्यांमागून आठवीचा अर्धा वर्ग. "लोणचं सापडलं का?"

निहारनं नव्या मोजणीच्या याद्या पुढे केल्या. "नाव झाकून मोजले, मॅडम. दोघांनी. वसुंधराबेननी कागद पिसले. आणि..." तो थांबला. पुढचं वाक्य त्यानं शलाकावर सोडलं.

मॅडमनी याद्या पाहिल्या, मग पुठ्ठ्याकडे नजर वळवली. त्यांचे ओठ हलत होते, त्या लाल टाचण्या मोजत होत्या.

त्यांची मोजणी पुरी व्हायच्या आत शलाका पुठ्ठ्याकडे वळली. तिनं सातव्या ताऱ्याची लाल टाचणी उपटली आणि खाली दहाच्या रेषेवर एक निळी टाचणी टोचली. वर, अठरापाशी, पुठ्ठ्यात बारीकसं भोक राहिलं होतं. ते तिनं बुजवलं नाही. पेन घेऊन त्याच्याभोवती गोल काढला आणि शेजारी, मागच्या रांगेतल्या पोरांनाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात लिहिलं, "चुकीची रेघ मोजली. शलाका." मग सातव्याचे दोन्ही कागद, जुना आणि नवा, मॅडमपुढे ठेवले आणि आपली पट्टी त्यांच्या हातात दिली.